चाळणमास्तरांची फडकी

तीन फेब्रुवारीला आमच्या कारखान्यात दोन लाख सोळा हजार सातशे पन्नास रुपयांचा माल परत आला. मी हिशेब विभागात बसतो, त्यामुळे परत आलेला माल मला आधी कागदावर दिसतो आणि मग खोक्यांत. या वेळी खोकी आधी दिसली, कारण उतरवून घ्यायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून हमालांनी ती माझ्या टेबलासमोरच रचली. पंप बनवणाऱ्या एका नव्या गिऱ्हाइकाने बुश परत पाठवले होते. बुश म्हणजे पंपाचा दांडा ज्यात फिरतो ती बोटाच्या पेराएवढी नळी. बसवताना तडकतात, अशी तक्रार होती.

आमच्याकडे धातू वितळवून ओतत नाहीत. तांब्याची आणि कथलाची भुकटी साच्यात दाबतात आणि दाबलेला तुकडा भट्टीतून काढतात. भट्टीत कण एकमेकांना धरतात आणि तुकडा पक्का होतो. दाबताना जी भुकटी सांडते आणि भट्टीत जायच्या आधीच जे कच्चे तुकडे मोडतात, ते फेकून देणे परवडत नाही. ते सगळे चुरून एका खोलीत जाते, तिथे त्यातला कचरा काढतात आणि स्वच्छ भुकटी पुन्हा साच्याकडे येते. त्या खोलीला चाळणखोली म्हणतात आणि तिच्या कारभाऱ्याला चाळणमास्तर. तोंडावर नुसते मास्तर. त्यांनी जन्मात कोणाला एक अक्षर शिकवलेले नाही, पण त्यांच्या दारातून आत जाणारा प्रत्येक माणूस शाळेतल्यासारखा हात पुढे करून उभा राहतो.

कारण नखे बघितली जातात. मग खिसे रिकामे करायचे, अंग झटकायचे, बूट बदलायचे आणि डोक्यावर टोपी घालायची. एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले. मालकांना पूर्ण टक्कल आहे. माझ्या डोक्यावरून काय पडणार, असे ते हसत म्हणाले. मास्तरांनी फक्त मालकांच्या भुवयांकडे बघितले. मालकांनी मुकाट्याने टोपी घातली, आणि पाहुण्यांनी तर दोन-दोन मागितल्या.

आतले काम समजायला सोपे आहे आणि करायला कंटाळवाणे. भुकटी आधी ओव्हनमध्ये वाळवायची, कारण दमट भुकटी गोळे धरते. मग ती सतत थरथरणाऱ्या बारीक जाळीच्या चाळणीतून सोडायची. गोळे, खडे, पोत्याचे तुकडे वर राहतात. मग ती ट्रेमध्ये पातळ पसरून वरून चुंबक फिरवायचा. साच्यांची झीज होऊन लोखंडाचा कीस भुकटीत येतो. तांबे आणि कथील चुंबकाला भीक घालत नाहीत, लोखंड मात्र पाहुणचाराची वाट बघत असल्यासारखे उडी मारून येते. शेवटी चाळणी, ट्रे, घमेली सगळे कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसायचे.

मास्तर हे सगळे घरीही करत असत, अशी वदंता होती. वदंता म्हणायचे कारण नाही, मी डोळ्यांनी बघितले आहे. ते आणि मी एकाच रस्त्यावर राहतो. वाण्याच्या दुकानात साखर घेताना ते शर्टाच्या खिशातून छोटा चुंबक काढून पिशवीवरून फिरवायचे. वाणी म्हणायचा, "मास्तर, काही निघालं तर वजनातून वजा करा." एकदा बारीकसा खिळा निघाला. तेव्हापासून वाणी त्यांना बघितले की आतल्या खोलीत काम काढतो. त्याच चुंबकाजवळ गप्पा मारत बसल्यामुळे माझे मनगटी घड्याळ बिघडले, असे माझे म्हणणे आहे. घड्याळ मुळातच आळशी होते, असे त्यांचे.

मास्तरांच्या घरी त्यांची मोठी बहीण असते. तिला सगळा रस्ता अक्का म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनी मास्तरांना वाढवले. पुढे लग्नाचा विषय दोघांनी एकमेकांवर ढकलला, आधी तुझे, आधी तुझे असे करता करता तो विषयच म्हातारा झाला. कारखान्यात मालकांच्या भुवया मोजणारा हा माणूस घरी मात्र अक्कांनी हाक मारली की पायात चप्पल आहे की नाही हे न बघता उठतो.

अक्का शिवणकाम करतात. पडदे, उशांचे अभ्रे, कोणाची कंबर वाढली तर तिची सोय. आणि चाळणखोलीची फडकी. एका लॉजमधून त्या जुन्या सुती चादरी घ्यायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या, उन्हात वाळवायच्या, चौकोन कापायच्या आणि चारही कडा अशा दुमडून शिवायच्या की टाका शोधावा लागे. धुऊन धुऊन चादर इतकी मऊ झालेली असे की फडके हातात घेतले तर चुरगाळून पुन्हा उलगडावेसे वाटे. वर्षानुवर्षे कारखाना ही फडकी विकत घेत होता. बाहेरून आलेली रिकामी बादलीसुद्धा मास्तर उजेडात धरून बघायचे. अक्कांचा गठ्ठा मात्र न उघडता कपाटात जायचा. तो आईच्या हातच्या जेवणासारखा होता, त्यात मीठ किती हे कोणी तपासत नाही.

अक्कांना या कामाचा अभिमान होता. रस्त्यात कोणाच्या घरी पाण्याचा पंप सुरू झाला की त्या कान देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, "फिरतोय ना नीट? माझं फडकं लागलंय त्याला."

तर माल परत आला त्या दिवशी मॅनेजरने मास्तरांसकट आम्हा चार जणांना बोलावले. हे मॅनेजर वयाने लहान आहेत पण स्वभावाने वाईट नाहीत. वाईट बातमी देताना ते आपल्याच टेबलाची धूळ बोटाने पुसत राहतात. त्यांनी सांगितले की गिऱ्हाइकाने तडकलेला बुश कापून बघितला आहे. आत बारीक पोकळ्या आहेत. भुकटीत काहीतरी असे गेले आहे जे भट्टीत जळून गेले आणि मागे भोक ठेवून गेले. आधीचे आमचे बुश जाड होते, त्यांनी असले लाड चालवून घेतले. हे नवे पातळ आहेत. नमुन्याचा एक छोटा माल पुन्हा मागितला आहे. तोही परत आला तर चाळणखोली बंद करायची आणि सगळी भुकटी बाहेरच्या एका कंपनीकडे साफ करायला पाठवायची, तिथे बंद यंत्रात काम होते. मास्तरांना पॅकिंगमध्ये जागा देता येईल.

पॅकिंग विभाग चांगला आहे, तिथे खिडक्या आहेत आणि रेडिओ आहे. पण मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना वाण्याच्या दुकानात साखर मोजायला बसवले.

त्यांनी कचऱ्याविरुद्ध लढाई पुकारली. पोती बदलली. छताच्या फटी बुजवल्या. दाराला आणखी एक दार लावले, त्यामुळे आत जाणारा माणूस मधल्या जागेत अडकून आपण कशाला आलो होतो ते विसरू लागला. आणि पुसणे वाढवले. आधी चाळणी पाळी संपताना पुसली जायची, आता प्रत्येक ट्रेनंतर. जाळी चोळून, दोन्ही बाजूंनी. फडकी कमी पडू लागली तशी त्यांनी अक्कांना दुप्पट मागणी दिली. अक्का खुशीत आल्या. मशीनला तेल दिले, लॉजमधल्या आणखी चादरी उचलल्या आणि शेजारणीचे पडदे पुढच्या महिन्यावर ढकलले.

नमुन्याचा माल गेला आणि परत आला. पोकळ्या आधीपेक्षा जास्त होत्या.

मॅनेजरने टेबल खूप वेळ पुसले. मग म्हणाले की गिऱ्हाईक आपल्या ओळखीतले आहे म्हणून अजून एकदा, आणि शेवटचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मिशी काढून आले. दाट, दोन्ही टोकांना खाली उतरलेली मिशी होती, कोणी त्यांच्याकडे बघितले की आधी ती दिसायची. आता तिथे एक पांढरट, लाजरा ओठ होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितले. उपाहारगृहात कोणी म्हणाले, धाकटे भाऊ आले वाटते. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. भुकटीत केस पडत असेल तर तो माझाच असणार, दिवसभर मीच वाकलेला असतो, असे त्यांनी मला समजावले. अक्का काय म्हणाल्या, हे मी तिसऱ्या दिवशी विचारले. त्यांनी दोन दिवस माझ्याकडे बघून जेवण वाढलेले नाही, असे ते म्हणाले.

मिशीचा बळी वाया गेला हे प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितले. या बाई अतिशय शांत आहेत आणि मायक्रोस्कोपवर वाकलेल्या असल्यामुळे त्यांचा चेहरा फार थोड्या लोकांनी नीट बघितला आहे. त्यांनी साफ झालेली भुकटी पाण्यात ढवळली, वर जे तरंगले ते काचेवर घेतले आणि आम्हाला बोलावले. मीही गेलो, कारण परत आलेल्या मालाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे मला ठरवायचे होते.

मी डोळा लावला. मला चपटी, पिळे पडलेली एक फीत दिसली. कोणी वाढदिवसाच्या खोक्याला बांधून सोडून दिल्यासारखी.

बाई म्हणाल्या, "केस गोल असतो आणि सरळ. हा पिळलेला आहे."

मास्तर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. तेवढ्या वेळात बाईंनी मला हळू आवाजात सांगितले की असा धागा आडवा आला तर चाळणीवर अडतो, पण चाळणी थरथरत असते, कधीतरी तो उभा होतो आणि सुईत ओवल्यासारखा खाली निसटतो. चुंबकाला तो दिसतच नाही. भट्टीत जळतो.

"सुती आहे," मास्तर डोळा न काढता म्हणाले.

"हो. आत सुती काय आहे तुमच्याकडे? अंगातले डगले तर कृत्रिम धाग्याचे आहेत."

मास्तर सरळ झाले. त्यांनी खिशातून फडके काढून ओठावरचा घाम टिपला, मग त्या फडक्याकडे बघितले आणि ते घाईने परत खिशात कोंबले. बाईंनी ते बघितले. मीही बघितले. ज्या माणसाने मालकांच्या भुवयांवर संशय घेतला तो रोज स्वतःच्या हाताने, जीव ओतून, जाळीच्या प्रत्येक भोकात कापूस चोळत होता. जितका जास्त पुसे, तितका जास्त.

पुढचे काम बाई आणि मास्तर यांनी मिळून केले. बाईंनी सुचवले की भुकटी पातळ पडद्यासारखी खाली सोडावी आणि बाजूने हवेचा मंद झोत द्यावा. जड कण सरळ पडतील, हलका धागा वाहून जाईल. मास्तरांनी पत्र्याचा डबा कापून आणि एक जुना पंखा बसवून ते उभे केले. झोत जास्त झाला तेव्हा धाग्याबरोबर भुकटीही उडाली आणि मास्तर डोक्यापासून पायापर्यंत तांब्याचे झाले. बाई पहिल्यांदा हसताना दिसल्या त्या तेव्हा. मग झोत जमला. पुसायला बाहेरून कृत्रिम धाग्याची फडकी आणली, त्यांच्या कडा शिवलेल्या नसतात, तापवून बंद केलेल्या असतात. मास्तरांनी ती उजेडात धरली, झटकली, चोळली, त्यांच्यावर चुंबकही फिरवला. काही निघाले नाही. त्यांना थोडे वाईट वाटले असावे.

अक्कांचे सगळे गठ्ठे कपाटातून बाहेर गेले. शेवटचा मात्र अजून यायचा होता. दुप्पट मागणीचा तो गठ्ठा अक्का घरी शिवत होत्या.

शेवटचा माल रवाना व्हायच्या आधीच्या रविवारी मास्तर माझ्याकडे आले. चहा प्यायला घरी चला, म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला असे बोलावले नव्हते, अक्का बोलावतात. रस्त्यात बेत उघडा पडला. ऑफिसने काटकसर सुरू केली आहे, फडकी बंद केली आहेत, असे मी अक्कांना सांगायचे. हिशेबवाला सांगतो म्हटल्यावर त्या विश्वास ठेवतील. मी म्हणालो, मी चहा पिईन, त्यापलीकडे माझा भरवसा नाही.

सायकलच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्या. दारात आम्ही दोघांनी पाय झटकले, तो त्या घराचा नियम आहे. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी गुडघ्याएवढा पांढरा गठ्ठा, आणि मशीनवर अक्का. त्यांनी चहा टाकला, मला खुर्ची दिली आणि मास्तरांना, मिशी उगवायला लागली आहे का ते बघून, स्टूल दिले.

मास्तरांनी कपात बघत सुरुवात केली, की ऑफिसात सध्या जरा काटकसर चालली आहे.

अक्का माझ्याकडे वळल्या. "काय हो, तुमची तिजोरी माझ्या फडक्यांनी रिकामी झाली का?"

मी चहा प्यायलो. चहा फार गरम होता, पण मी तो प्यायलो.

"हा लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे," अक्का मला म्हणाल्या. "आता बघा, मिशी नसल्यामुळे ओठही होतो."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "अक्का, तुझ्या फडक्यांचे धागे निघतात."

मशीनवरचा अक्कांचा हात थांबला. "माझ्या?"

"भुकटीत जातात. बुश तडकतात त्यांनी. खोली बंद करणार होते माझी. अजून ठरलेलं नाही."

अक्कांनी गठ्ठ्यावरचे फडके उचलले. कड बघितली, टाका बघितला, तो निर्दोष होता. मग त्यांनी ते खिडकीतून आलेल्या उन्हात धरून एकदाच झटकले. उन्हाच्या पट्ट्यात बारीक, पांढरे काहीतरी वर उडाले आणि सावकाश फिरत राहिले. आम्ही तिघेही ते बघत होतो. ते लवकर खाली बसेना.

"म्हणजे आम्हाला दारात झटकून घेतोस," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि घरातला कचरा स्वतः गठ्ठा बांधून नेत होतास."

"हो."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"आणि मिशी उगाच काढलीस?"

"हो."

अक्कांनी फडक्याची घडी घातली आणि ते गठ्ठ्यावर ठेवले. त्या रागावल्या आहेत का, हे मला समजेना, मास्तरांना बहुधा समजले असावे, कारण ते स्टुलावर इंचभर मागे सरकले. मग अक्कांनी विचारले की तो शेवटचा माल कधी जाणार, आणि तो परत आला तर पॅकिंगमध्ये याला उभे राहावे लागेल की बसायला मिळेल. मास्तर म्हणाले, उभे. अक्का म्हणाल्या, मग परत यायला नको.

तो परत आला नाही. गिऱ्हाइकाने बुश कापून बघितले, बसवून बघितले आणि मोठी मागणी पाठवली. मॅनेजरने चाळणखोली बंद करण्याचा विषय ज्या कागदावर होता तो कागद घडी करून खुर्चीच्या हलणाऱ्या पायाखाली घातला. मास्तरांची मिशी परत आली आहे, आधीपेक्षा पांढरी, आणि आता तिला खोलीत जाताना वेगळी पट्टी बांधावी लागते. तो नियम त्यांनी स्वतःच काढला. प्रयोगशाळेतल्या बाईंना ती पट्टी बघून रोज एकदा मायक्रोस्कोपवर वाकावे लागते, काचेवर काही नसले तरी.

अक्का आता पंपाचा आवाज आला की कान देत नाहीत. मास्तर म्हणतात, देतात, पण मी असताना नाही.

राहिला तो शिवून तयार असलेला गठ्ठा. मास्तर त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यायला निघाले, तेव्हा अक्कांनी ते परत केले. मागणी ऑफिसने दिली होती, पैसे ऑफिसच देईल, मी भावाला फडकी विकत नाही, असे त्यांनी सांगितले आणि गठ्ठा कारखान्याच्या फाटकावर पाठवून दिला. फाटकावरून तो चाळणखोलीकडे गेला आणि मास्तरांनी तो दाराबाहेरच थांबवला. माल आत आला अशी मास्तरांची सही नाही, आणि सही नसेल तर मला पैसे देता येत नाहीत. मास्तर सही करायला तयार नाहीत, कारण माल आत आलेला नाही. गठ्ठा सध्या माझ्या टेबलाखाली आहे. अक्का रस्त्यात भेटल्या की मी आधी नमस्कार करतो.

कारखाना अक्कांचे तीनशे साठ रुपये देणे लागतो.